अवसादरोधी औषधे आणि जनुकनियमन : एका विलंबाचा इतिहास

इमिप्रामीनची गोळी पोटात गेल्यानंतर काही तासांच्या आत तिचा अंश मेंदूत पोहोचतो आणि तेथील चेतापेशींच्या सांध्यांत नॉरॲड्रेनलीन व सेरोटोनिन या द्रव्यांचे पुनर्ग्रहण अडविले जाते. रुग्णाचे मन मात्र त्या दिवशी हलके होत नाही. बहुधा त्या आठवड्यातही होत नाही. आप्त काळजीने विचारतात, वैद्य धीर धरावयास सांगतो, आणि गुण आलाच तर तो दोन ते चार आठवड्यांनी स्पष्ट दिसू लागतो. अवसाद, म्हणजे ज्याला आज व्यवहारात नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात तो विकार, त्याच्या औषधोपचारातील ही गोष्ट आरंभापासून वैद्यांच्या परिचयाची होती. तरीही सुमारे वीस वर्षे तिला सिद्धान्तात स्थान मिळाले नाही. औषधाची रासायनिक क्रिया आणि रुग्णाला येणारा गुण यांच्यामधील काळात मेंदूत काय घडते, हा प्रश्न ज्यांनी गंभीरपणे विचारला त्यांना चेतापेशीच्या पृष्ठभागावरून निघून तिच्या केंद्रकापर्यंत जावे लागले. ही औषधे मेंदूतील जनुकांच्या नियमनात फेरफार घडवितात, हे मत आज पाठ्यपुस्तकांत रूढ झाले आहे. ते कोणत्या पुराव्यावर उभे राहिले, आणि ज्या विलंबाचा आधार घेऊन ते मांडले गेले तो विलंब स्वतः कितपत टिकतो, याची तपासणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग आपल्याकडे उन्मादावर पूर्वापार होत आला होता. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली या मुळीच्या दुहेरी गुणाकडे, म्हणजे उन्माद शमविण्याच्या आणि रक्तदाब उतरविण्याच्या सामर्थ्याकडे, लक्ष वेधले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेची चाचणी घेऊन तिचा वृत्तान्त १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे खऱ्या अर्थाने वळले ते तेव्हापासून. १९५२ साली बाझेल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रेसर्पीन हे शुद्ध द्रव्य वेगळे काढण्यात आले. पुढे रक्तदाबासाठी रेसर्पीन घेणारे काही रुग्ण खिन्न व निरुत्साही होत असल्याचे अहवाल येऊ लागले. १९५५ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे प्लेचर, शोअर व ब्रॉडी यांनी असे दाखविले की, रेसर्पीन दिल्यावर शरीरातील सेरोटोनिनचे साठे मोकळे होतात. ही दोन निरीक्षणे शेजारीशेजारी ठेवली की निष्कर्ष आपोआप निघाल्यासारखा वाटतो : सेरोटोनिन घटले की मन खचते. परंतु त्याच १९५५ साली 'लॅन्सेट'मध्ये डेव्हिस व शेफर्ड यांनी चिंताग्रस्त व अवसादग्रस्त रुग्णांना रेसर्पीन देऊन केलेली नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली होती, आणि तीत रेसर्पीनने रुग्णांना उलट आराम पडल्याचे आढळले होते. या चाचणीचा उल्लेख पुढील दहा वर्षांच्या सैद्धान्तिक लेखनात क्वचितच सापडतो. सिद्धान्ताला गैरसोयीचा पुरावा खोडून काढला जातोच असे नाही; पुष्कळदा तो नुसता उद्धृत होत नाही, एवढेच पुरते.

दुसरा धागा क्षयरोगाच्या रुग्णालयांतून येतो. न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंड येथील सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ साली आयप्रोनायझिड या नव्या औषधाचा प्रयोग क्षयरोग्यांवर झाला, तेव्हा फुप्फुसांपूर्वी रुग्णांची वृत्ती पालटल्याचे लक्षात आले. मरणोन्मुख माणसांची भूक वाढली, झोप सुधारली, ती उत्साहाने हिंडूफिरू लागली. त्याच वर्षी अर्न्स्ट झेलर यांनी दाखविले की, सेरोटोनिन व नॉरॲड्रेनलीन यांसारख्या मोनोअमाइन द्रव्यांचे विघटन करणारे मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर या औषधाने निष्प्रभ होते. १९५७ मध्ये नेथन क्लाइन व त्यांचे सहकारी यांनी अवसादाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग करून अनुकूल निष्कर्ष मांडले. यकृतावरील दुष्परिणामांमुळे १९६१ साली अमेरिकेत ते मागे घेण्यात आले.

तिसरा धागा स्वित्झर्लंडमधील. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन येथे एक मनोरुग्णालय आहे. तेथील मानसोपचारतज्ज्ञ रोलांड कून हे गायगी कंपनीचे जी २२३५५ या क्रमांकाचे द्रव्य छिन्नमनस्कतेच्या रुग्णांवर वापरून पाहत होते. क्लोरप्रोमॅझिनशी रचनेने जवळचे असलेले हे द्रव्य त्या विकारावर निरुपयोगी ठरले; अवसादाच्या रुग्णांना मात्र १९५६ पासून त्याचा लाभ होत असल्याचे कून यांना दिसले, आणि १९५७ मध्ये त्यांनी तसे प्रसिद्ध केले. इमिप्रामीन ते हेच. त्या वर्षी झुरिक येथील जागतिक मानसोपचार परिषदेत त्यांनी वाचलेल्या निबंधाला मोजकेच श्रोते होते. या गौरवकथेला एक पुरवणी जोडणे आवश्यक आहे. म्युन्स्टरलिंगेनमधील औषधचाचण्यांची कागदपत्रे इतिहाससंशोधकांनी अलीकडे तपासली आणि २०१९ साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. अनेक दशके कितीतरी द्रव्ये रुग्णांवर अजमावली गेली, आणि आज ज्या स्वरूपाची संमती अनिवार्य मानली जाते तशी ती घेण्याची रीत नव्हती, हे त्यातून पुढे आले. औषधाच्या क्रियेविषयीचे जे काही ज्ञान पुढे जमले त्याच्या मुळाशी ही माणसे आहेत.

या तिन्ही धाग्यांना एका सूत्रात गोवण्याचे काम जैवरसायनाने केले. ज्यूलियस ॲक्सेलरॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दाखविले की, इमिप्रामीनमुळे नॉरॲड्रेनलीनचे पेशींतील पुनर्ग्रहण अडते; या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना १९७० च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मग १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी कॅटेकोलअमाइनांचे गृहीतक मांडले, १९६७ मध्ये ॲलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनची बाजू पुढे केली, आणि १९६९ मध्ये लेनिनग्राडच्या लॅपिन व ऑक्सेनक्रुग यांनीही तेच केले. मेंदूत अमुक द्रव्य कमी पडते, औषध ते वाढविते, म्हणून रोग हटतो : इतकी सरळ मांडणी वैद्यांना, औषध कंपन्यांना आणि रुग्णांनाही पटण्याजोगी होती. शिल्डक्राउट स्वतः मात्र सावध होते. आपले गृहीतक एका फार गुंतागुंतीच्या अवस्थेचे अतिसुलभीकरण आहे, हे त्यांनी मूळ निबंधातच मान्य केले होते. अनुयायांनी गृहीतक उचलले आणि सावधगिरी मागे ठेवली.

विलंबाचे काय, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. द्रव्य वाढते ते काही तासांत; मग रुग्णाने तीन आठवडे का थांबावे? या प्रश्नाकडे दुर्लक्ष होण्याचे कारण बौद्धिक आळसात शोधणे अन्यायाचे होईल. ते प्रयोगशाळेच्या कार्यपद्धतीत आहे. औषधाची एकच मात्रा उंदराला द्यावी, तासाभराने त्याच्या मेंदूचा लगदा करून द्रव्यांचे मापन करावे, ही त्या काळची रूढ रीत होती. ती स्वस्त होती, सुटसुटीत होती आणि नव्या औषधांची छाननी करण्यास सोयीची होती. ज्या प्रयोगाची मुदतच एका दिवसाची, त्यात आठवड्यांचे रहस्य उमटणार कसे? रुग्णालयातील घड्याळ आणि प्रयोगशाळेतील घड्याळ निरनिराळ्या वेळा दाखवीत होती, आणि सिद्धान्त दुसऱ्या घड्याळावरून रचला जात होता. १९७२ साली ऑस्वाल्ड व त्यांच्या एडिंबरो येथील सहकाऱ्यांनी या औषधांच्या मंद क्रियेलाच आपल्या निबंधाच्या शीर्षकात स्थान दिले, यावरून तोवर हा विषय किती उपेक्षित होता याची कल्पना येते.

घड्याळे जुळविण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील नॅशव्हिल येथे, व्हँडरबिल्ट विद्यापीठात झाला. तेथेच अर्ल सदरलँड यांनी कार्य केले होते. संप्रेरक पेशीच्या दारापर्यंतच येते आणि आत निरोप पोहोचविण्याचे काम चक्रीय एएमपी हे दुसरे द्रव्य करते, या शोधासाठी त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हीच कल्पना मेंदूस लावून फ्रिडोलिन सुल्झर आणि पोलंडहून आलेले येझी वेतुलानी यांनी १९७५ व १९७६ मध्ये जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत प्राण्यांना औषध आठवडेच्या आठवडे देण्यात आले. निष्कर्ष अनपेक्षित होता. दीर्घकाळ औषध दिल्यावर नॉरॲड्रेनलीनला प्रतिसाद म्हणून मेंदूच्या पेशींत तयार होणारे चक्रीय एएमपी घटले होते. विद्युत्-झटक्यांच्या उपचारानेही तसेच घडले. आणि पुनर्ग्रहण किंवा मोनोअमाइन ऑक्सिडेज या दोहोंवर विशेष परिणाम नसलेल्या इप्रिंडोल या औषधानेही तेच केले. रूढ सिद्धान्तानुसार औषधाने नॉरॲड्रेनलीनचा प्रभाव वाढावयास हवा होता. येथे काळ बदलताच दिशाच उलटली. सुल्झर यांचे स्वतःचे स्पष्टीकरण, म्हणजे ग्राहींची संवेदनशीलता कमी होणे हीच उपचाराची गुरुकिल्ली होय, पुढे टिकले नाही. परंतु औषधाची तात्कालिक क्रिया ही केवळ सुरुवात असून तिला पेशीने आठवडाभरात दिलेले उत्तर हा खरा अभ्यासविषय होय, ही दृष्टी त्यांच्यापासून रुळली.

पेशीचे ते उत्तर कोठे तयार होते? फ्रान्स्वा झाकोब व झाक मोनो यांनी १९६१ मध्ये जीवाणूंत दाखवून दिले होते की, जनुक हे नित्य सारखेच बोलत नाही. परिस्थितीनुसार ते चालू किंवा बंद ठेवणारी नियामक प्रथिने असतात. चेतापेशी ही जीवाणूसारखी विभाजन पावत नाही. तथापि तिच्यातही जनुकांची ही उघडझाप अखंड चालू असते, हे ऐंशीच्या दशकात स्पष्ट झाले. १९८७ मध्ये मार्क माँटमिनी व बिलेझिक्जियान यांनी क्रेब या प्रथिनाचा शोध प्रसिद्ध केला. चक्रीय एएमपी वाढले की अंती या प्रथिनाला एक फॉस्फेट गट जोडला जातो, आणि डीएनएवरील विशिष्ट क्रमाशी बद्ध असलेले ते प्रथिन तेथील जनुकाचे प्रतिलेखन, म्हणजे डीएनएवरून आरएनएची नक्कल काढण्याचे काम, वेगाने सुरू करविते. सुल्झर यांनी जेथे वाट सोडली होती तेथून केंद्रकापर्यंतचा रस्ता यामुळे आखला गेला.

त्या रस्त्याने सर्वांत दूर गेले ते येल विद्यापीठातील रोनाल्ड डुमन व त्यांचा गट. निबुया, मोरिनोबू व डुमन यांचा १९९५ चा निबंध या इतिहासातील वळणबिंदू मानावा लागेल. त्यांनी पाहिले ते एका जनुकाकडे : मेंदूजन्य चेतापोषक घटक, ज्याचे बीडीएनएफ हे संक्षिप्त नाव रूढ आहे. चेतापेशी जगविणारे व त्यांच्या शाखा वाढविणारे हे प्रथिन बार्ड, एडगर व थोनेन यांनी १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून शुद्ध स्वरूपात मिळविले होते. निबुया व सहकाऱ्यांना आढळले की, ट्रॅनिलसिप्रोमीन, सर्ट्रालीन, डेसिप्रामीन व मियान्सेरिन अशी क्रियेने भिन्न असलेली औषधे दीर्घकाळ दिल्यावर उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या भागात बीडीएनएफच्या जनुकापासून निघणारा संदेशवाहक आरएनए वाढतो. वारंवार दिलेल्या विद्युत्-झटक्यांनीही तो वाढतो. मॉर्फीन, कोकेन किंवा हॅलोपेरिडॉल ही मनावर परिणाम करणारी पण अवसादावर न चालणारी द्रव्ये दिली तर तो वाढत नाही. प्राण्यास ताण दिल्यावर हा आरएनए घटतो, आणि आधी औषध दिले असल्यास ही घट रोखली जाते. पुढील वर्षी त्याच गटाने क्रेबचे प्रमाणही दीर्घ उपचारानंतर वाढत असल्याचे दाखविले, आणि १९९७ मध्ये डुमन, हेनिंगर व नेस्लर यांनी अवसादाचा रेणवीय व पेशीय सिद्धान्त मांडला.

या प्रयोगांचे बळ त्यांच्या तुलनेत होते, हे लक्षात घेतले पाहिजे. वेगवेगळ्या दारांतून शिरणारी औषधे एकाच खोलीत पोहोचतात आणि तेथे पोहोचावयास त्यांना रुग्णाइतकाच वेळ लागतो, असे त्यांनी दाखविले. तीस वर्षे कोपऱ्यात पडलेला विलंब आता सिद्धान्ताचा मुख्य साक्षीदार झाला. जनुकापासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन, प्रथिनापासून शाखांची वाढ, आणि वाढीपासून चेतापेशींच्या जाळ्याची फेरजुळणी, या प्रत्येक पायरीस वेळ लागतो. म्हणून औषधास वेळ लागतो. तर्क सुबक होता. तो इतका सुबक होता की विलंब हाच जनुकनियमनाचा पुरावा होय, असे नंतरच्या अनेक लेखांत गृहीत धरले गेले. वास्तविक विलंब हा अशा क्रियेशी सुसंगत होता. तो तिचा पुरावा नव्हता.

याच काळात इतर जनुकांचीही तपासणी चालू होती. ताणसंप्रेरकांच्या ग्राहीचे जनुक अवसादरोधी औषधांनी अधिक कार्यरत होते, असे १९८९ मध्ये पेशीसंवर्धनांत व १९९२ मध्ये सेकल व फिंक यांना जिवंत उंदरांत आढळले. २००० साली मालबर्ग व सहकाऱ्यांनी दीर्घ उपचाराने हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशींची निर्मिती वाढते असे दाखविले, आणि २००३ मध्ये सांतारेल्ली, हेन व सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी ही निर्मिती थांबविल्यास उंदरांवर औषधाचा परिणाम दिसत नाही असे प्रसिद्ध केले. प्रौढ मानवी मेंदूत अशी निर्मिती कितपत होते याविषयी २०१८ मध्ये एकाच वर्षी परस्परविरुद्ध निष्कर्षांचे दोन प्रमुख निबंध निघाले.

येल गटाच्या सिद्धान्ताला पहिला गंभीर आक्षेप आला तो मेंदूच्या भूगोलातून, आणि तो बाहेरच्यांनी नव्हे तर त्याच परिवारातील संशोधकांनी घेतला. हिप्पोकॅम्पसमध्ये क्रेब वाढले तर उंदराचे वर्तन सुधारल्यासारखे दिसते. परंतु सुख व बक्षीस यांच्याशी निगडित असलेल्या न्यूक्लियस अक्युम्बेन्स या भागात क्रेब वाढविले असता उंदीर अधिकच खचलेला दिसतो, असे २००१ मधील प्रयोगांत आढळले. बीडीएनएफची गोष्ट तशीच. बर्टन, नेस्लर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले की, आक्रमक उंदराकडून वारंवार हार पत्करलेला उंदीर इतर उंदरांना टाळू लागतो, परंतु बक्षीसमार्गातील बीडीएनएफ काढून टाकले तर हे टाळणे विकसितच होत नाही. एका ठिकाणचे औषध दुसऱ्या ठिकाणचे विष ठरते. 'बीडीएनएफ वाढणे म्हणजे बरे होणे' हे समीकरण त्यामुळे मोडले. तरी लोकप्रिय लेखनात ते अद्याप भेटते, सेरोटोनिनची जागा नव्या द्रव्याने घेतली एवढाच काय तो फरक.

नेस्लर यांचा गट दरम्यान टेक्सासमधील डॅलस येथे गेला होता. तेथे नादिया त्सांकोव्हा व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने चर्चा एका वेगळ्या पातळीवर नेली. त्याचा तपशील थोडा विस्ताराने पाहणे योग्य होईल. पेशीच्या केंद्रकात डीएनए मोकळा पसरलेला नसतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांभोवती तो गुंडाळलेला असतो, आणि या समुच्चयास क्रोमॅटिन म्हणतात. हिस्टोनांवर निरनिराळे रासायनिक गट चिकटतात. ॲसिटिल गट चिकटले की गुंडाळी सैल होऊन जनुक वाचता येते. काही विशिष्ट स्थानी मिथिल गट चिकटले की ती आवळली जाऊन जनुक मुके होते. जनुकाची अक्षरे तीच राहतात. पुस्तक उघडे आहे की मिटलेले, एवढेच बदलते.

डॅलसच्या प्रयोगात उंदरांना दहा दिवस रोज आक्रमक उंदरांकडून पराभव सोसावा लागला. त्यानंतर हिप्पोकॅम्पसमधील बीडीएनएफच्या दोन विशिष्ट आरएनए-रूपांत घट आढळली, आणि या रूपांच्या जनुकीय आरंभस्थानी तिसऱ्या प्रकारच्या हिस्टोनातील सत्ताविसाव्या लायसिनवर मिथिल गटांची दाटी झालेली दिसली. पराभव थांबून आठवडे लोटले तरी ही खूण पुसली गेली नव्हती. मग उंदरांना सुमारे महिनाभर इमिप्रामीन देण्यात आले. बीडीएनएफचा आरएनए पूर्वपदावर आला, उंदरांचे इतरांना टाळणेही कमी झाले. सहज अपेक्षा अशी की, औषधाने मिथिल गटांची खूण पुसली असावी. तसे झाले नव्हते. ती खूण जेथल्या तेथे होती. औषधाने त्याच जागी ॲसिटिल गटांची व जनुकाला अनुकूल अशा निराळ्या मिथिल गटांची भर घालून तिच्यावर मात केली होती. ॲसिटिल गट काढून टाकणाऱ्या एचडॅक-५ या विकराचे प्रमाण औषधाने घटले होते. आणि विषाणूच्या साहाय्याने हेच विकर हिप्पोकॅम्पसमध्ये मुद्दाम वाढविले तेव्हा इमिप्रामीनचा वर्तनावरील परिणाम नाहीसा झाला. शेवटच्या या पायरीमुळे हा प्रयोग केवळ सहसंबंधाच्या पलीकडे जातो.

या निष्कर्षाचे वैद्यकीय महत्त्व उघड आहे. ताणाची खूण कायम राहून औषध तिच्यावर दुसरा थर चढवीत असेल, तर औषध थांबविल्यावर विकार पुष्कळांत का उलटतो याचे एक संभाव्य उत्तर त्यात सापडते. डॅलसच्या संशोधकांनीही हा दुवा सुचविला. परंतु उंदराच्या दहा दिवसांच्या पराभवावरून माणसाच्या वर्षानुवर्षांच्या अवसादाविषयी बोलताना 'संभाव्य' हा शब्द गाळण्याची घाई अनेकांनी केली आहे. ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांना रोखणारी द्रव्ये हीच अवसादावरील नवी औषधे होतील, ही आशाही तेव्हापासून व्यक्त होत आली. गंमत अशी की, मनोवृत्तीच्या चढउतारांवर फार पूर्वीपासून दिले जाणारे व्हॅल्प्रोएट अशाच विकरांना रोखते हे २००१ मध्ये उघडकीस आले होते.

जनुकनियमनाची दुसरीही एक तऱ्हा पुढे आली. पॅरिसमधील बॉद्री व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखविले की, फ्लुओक्सेटीनमुळे सेरोटोनिन-पेशींत मायक्रो-आरएनए-१६ हा सूक्ष्म रेणू वाढतो व तो सेरोटोनिनच्या वाहक प्रथिनाची निर्मितीच आवरतो. औषध ज्या वाहकाला प्रथम अडविते, त्याचेच उत्पादन ते कालांतराने कमी करविते, असा याचा अर्थ.

विलंबाच्या तर्काला खरा धक्का बसला तो केटामीनमुळे. बर्मन व सहकाऱ्यांनी २००० साली आणि झाराते व सहकाऱ्यांनी २००६ साली असे दाखविले की, भूल देण्याच्या या औषधाची अल्प मात्रा शिरेतून दिल्यावर काही तासांतच अवसाद ओसरतो. जुन्या औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांतही असे घडते. आठवड्यांचा विलंब हा मेंदूचा नियम असता, तर हे होणे शक्य नव्हते. येल गटाने २०१० मध्ये व डॅलस येथील ऑट्री, मोन्तेजिया व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या त्वरित क्रियेची यंत्रणा शोधली. ऑट्री यांच्या प्रयोगांत प्रथिननिर्मिती रोखली तर केटामीनचा उंदरांवरील त्वरित परिणाम नष्ट झाला, पण डीएनएवरून नव्या नकला काढण्याचे काम रोखले तरी तो टिकून राहिला. म्हणजे बीडीएनएफ हवेच. परंतु जनुक नव्याने उघडण्याची वाट न पाहता आधीच तयार असलेल्या आरएनएचे भाषांतरण होऊन ते मिळते. केंद्रकापर्यंतचा लांबचा प्रवास प्रत्येक सुधारणेस अपरिहार्य आहे, हे मत त्यामुळे सोडून द्यावे लागले.

त्याच सुमारास जुन्या औषधांचा विलंबही पुन्हा मोजला गेला. टेलर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सेरोटोनिन-पुनर्ग्रहण रोखणाऱ्या औषधांच्या अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा खोट्या गोळीच्या तुलनेत सुधारणेचा आरंभ पहिल्या आठवड्याच्या अखेरीसच आढळला. नंतरचे आठवडे ती साचत जाण्याचे होते. ऑक्सफर्ड येथील कॅथरिन हार्मर यांनी एकाच मात्रेनंतर चेहऱ्यांवरील भाव ओळखण्याच्या रीतीत फरक पडतो असे दाखविले. रुग्णाला अजून बरे वाटत नसते, पण जग पाहण्याची त्याची रीत हलू लागलेली असते. 'दोन ते चार आठवडे' हा काळ काही अंशी मापनाचे फलित होता. सुधारणा केव्हा सुरू होते आणि ती वैद्याच्या नजरेस केव्हा भरते, हे दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले होते. प्रयोगशाळेतील विसंगती तर याहून जुनी आहे. पोर्सोल्ट यांनी १९७७ मध्ये प्रचारात आणलेली पोहण्याची परीक्षा, जिच्यावर या औषधांचे असंख्य प्राणिप्रयोग उभे आहेत, ती चोवीस तासांत दिलेल्या दोनतीन मात्रांनीच अनुकूल उत्तर देते. आठवड्यांच्या सिद्धान्ताची पडताळणी एका दिवसाच्या परीक्षेने होत आली, याची फारशी खंत कोणी बाळगलेली दिसत नाही.

यावरून जनुकनियमनाचे सारे संशोधन वाया गेले असे मानण्याचे कारण नाही. विलंबाचा आधार काढून घेतला तरी २००६ चा एचडॅक-५ विषयीचा प्रयोग आपल्या पायांवर उभा राहतो, कारण त्यात यंत्रणेत प्रत्यक्ष हस्तक्षेप करून परिणाम पाहिला होता. जे निष्कर्ष केवळ 'आठवडे लागतात, म्हणून जनुके' या अनुमानावर विसंबून होते, ते दुबळे झाले. हेलसिंकी येथील कासारोट्टो, कास्त्रेन व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये तर असे प्रतिपादन केले की, फ्लुओक्सेटीन, इमिप्रामीन व केटामीन ही तिन्ही औषधे बीडीएनएफच्या ग्राहीलाच, पेशीपटलातील त्याच्या भागात, थेट चिकटतात. हे मान्य केल्यास औषधाचे प्रथम कार्यस्थान पुन्हा पेशीच्या पृष्ठभागावर येते, आणि केंद्रकातील बदल हे तेथून निघालेल्या निरोपाचे नंतरचे पडसाद ठरतात.

मानवी मेंदूविषयीचा पुरावा अद्याप तुटपुंजा आहे. २००१ मध्ये चेन, यंग व सहकाऱ्यांनी मरणोत्तर मेंदूंची तपासणी करून, मृत्युसमयी अवसादरोधी औषधे घेत असलेल्या व्यक्तींच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बीडीएनएफ अधिक आढळल्याचे सांगितले. मात्र असा मेंदू एकाच क्षणाची साक्ष देतो. औषध सुरू होण्यापूर्वी त्यात काय होते हे त्यावरून कळत नाही. जिवंत माणसात क्रोमॅटिनचा अभ्यास करण्याच्या दिशेने एक पाऊल २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथे पडले. मार्टिनोस्टॅट हे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून निरोगी व्यक्तींच्या मेंदूत ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांची प्रतिमा घेण्यात वे, हूकर व सहकाऱ्यांना यश आले. परंतु ते द्रव्य मुख्यतः पहिल्या वर्गातील विकरांना चिकटते. डॅलसच्या उंदरांत निर्णायक ठरलेले एचडॅक-५ त्या वर्गात मोडत नाही.